गोधडीला जमीन लागते

‘हातचं न राखता’ असा विषय संपादकांनी दिला आणि सांगितलं, आपल्याला येणारी विद्या दुसऱ्याच्या हवाली करून मोकळी होणारी माणसं शोधा. डोंबिवलीकराला हा विषय सोपा. इथे दर तिसऱ्या जिन्यावर कसला ना कसला क्लास असतो. गाण्याचा, तबल्याचा, अबॅकसचा, दहावीच्या गणिताचा. मी मात्र जिचा क्लास आमच्या लहानपणी कुणी काढलाच नव्हता अशा विद्येच्या मागे लागले. गोधडी. आजीची, पणजीची, गावाहून ट्रंकेत घालून आणलेली आणि आता माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली.

ठाण्याच्या नौपाड्यापासून कल्याणच्या पारनाक्यापर्यंत ज्या घरी गेले, तिथे बोलणं टाक्यांवरून किंवा साड्यांवरून सुरू होईल असं मी धरून चालले होते. पण जिथे तिथे पहिला विषय निघाला जागेचा. पसरायची कुठे? वन बीएचकेत सहा फूट बाय चार फूट मोकळी फरशी शोधून दाखवा. सोफा, टीपॉय, टीव्हीचं युनिट, घडीचं डायनिंग टेबल, कोपऱ्यात नातवाची सायकल. गावाकडे ओसरी होती, अंगण होतं. चाळीत गॅलरी होती, दुपारी पुरुषमंडळी कामावर गेली की शेजारणीची खोलीही आपलीच होती. गोधडी शिवणं कमी का झालं याची कारणं शोधताना आपण ब्लँकेट, एसी, बायकांची नोकरी अशी मोठमोठी नावं घेतो. मला वाटतं, निम्मं कारण फरशीचं आहे.

नऊ वारांचा हिशेब

गोधडीचं माप कुणी कागदावर ठरवलेलं नाही, ते लुगड्यानेच ठरवून दिलंय. नऊ वार म्हणजे 27 फूट. सहा-सहा फुटांच्या चार घड्या घातल्या की 24 फूट संपतात आणि तीन फूट उरतात. लुगड्याचा पन्हा चार फुटांच्या आसपास. म्हणजे एका लुगड्यात माणसाच्या उंचीची, चार पदरांची पातळ गोधडी बसते आणि ठिगळांसाठी तुकडा शिल्लक राहतो. दोन लुगड्यांत थंडी भागते. सहावारी साडीचे फूट 18, थर तीनच. नऊवारी गेली आणि सहावारी आली तेव्हा गोधडीचं सगळं गणित नव्याने मांडावं लागलं, हे डोंबिवलीच्या टिळकनगरातल्या एका काकूंनी मला कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडून दाखवलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, हे सांगायला नको.

रजई आणि गोधडी यांत लोक गल्लत करतात. रजईच्या पोटात कापूस असतो; तो पिंजून भरावा लागतो आणि त्यासाठी पिंजारी लागतो. गोधडीच्या पोटात कापडच असतं. वरचं आणि खालचं कापड त्यातल्या त्यात धड, आणि मधे जे घरात असेल ते: विरलेलं धोतर, सदऱ्याची पाठ, परकराचा घेर, उशीचे अभ्रे. मधल्या कापडाला छिद्रं असली तरी चालतात, फक्त एका थराचं छिद्र दुसऱ्या थराच्या छिद्रावर येता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. फाटक्या कापडांचे चार थर असे सरकवत बसायचे की कुठेही पोकळी राहणार नाही, हे काम मी बघितलं. त्याला नजर लागते, आणि ती नजर पुस्तकातून येत नाही.

साडी कुठे झिजते हेही त्यांना पाठ असतं. नऊवारी बसण्याच्या जागी आणि गुडघ्यावर विरते, काठ आणि पदर टिकतात. सहावारीचा पायाशी घासणारा काठ फॉल लावूनही जातो, पण कमरेला पहिल्यांदा खोचलेला आतला भाग नव्यासारखा असतो. म्हणून साडी हातात आली की काकू आधी तो आतला भाग उलगडून बघतात. कापड उजेडासमोर धरतात, दोन बोटांत ताणतात. चर्र आवाज आला की ते पोटात जायचं, नाही आला तर वर. खळ असलेलं नवं कापड त्यांना नको असतं. सुई अडते, अंगाला टोचतं, आणि पहिल्या धुण्यात आटून सगळी गोधडी आक्रसते. शेकडो वेळा धुतलेलं सुती कापडच चांगलं, कारण त्याचं जे काय आटायचं ते आटून झालेलं असतं.

मग टाके. साधा धावदोरा, सगळ्यांना येतो तोच. बोटभर म्हणजे साधारण इंचाच्या अंतराने ओळी घातल्या तर चार फुटांत 48 ओळी होतात, प्रत्येक ओळ सहा फुटांची. एकूण 288 फूट. इंचाला तीन टाके धरले तर एका गोधडीत दहा हजारांवर टाके पडतात. कुणी कडेने सुरुवात करून चौकटीत चौकट घालत मध्यापर्यंत जातं, कुणी सरळ रेघा मारतं. मधल्या बोटात अंगुस्तान, दोऱ्याला मेणाचा हात. थर जास्त असतील तर जाड सुई लागते. पण दाभण नको, त्याने भोक मोठं पडतं आणि तिथूनच कापड फाटायला लागतं.

दुसरं माणूस

शिवायला एक माणूस पुरतं, पसरायला पुरत नाही. खालचं कापड जमिनीवर घालून चारी बाजूंनी ताणायचं, कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, डाळीचा डबा असं वजन ठेवायचं, मग एकेक थर आणायचा. एका टोकाला ताणलं की दुसरं टोक सरकतं. म्हणून समोरच्या बाजूला कुणीतरी बसलेलं हवंच. मग ते थर हलू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके घालायचे, तेही दोन टोकांकडून मधे येत. हे झालं की गोधडी गुंडाळून मांडीवर घेता येते आणि पुढचे दोन-तीन महिने एकटीने शिवता येते.

गोधडी क्लासशिवाय कशी शिकली गेली, याचं उत्तर मला इथे सापडलं. समोरच्या टोकाला बसायला जी मुलगी, सून, भाची, शेजारीण बोलावली जाते, ती तिथे बसून शिकते. तिला कुणी शिकवत नाही. फक्त ‘धर गं घट्ट’, ‘सैल सोडू नको’, ‘तिकडं भोक दिसतंय, एक चिंधी सरकव’ एवढंच सांगितलं जातं. पहिल्या वेळी ती नुसती कोपरा धरते. पुढच्या वेळी सुई ओवून देते. कधीतरी एक ओळ घालते, आणि ती वाकडी आली तर कुणी उसवत नाही. त्या गोधडीत ती ओळ कायमची राहते. कल्याणच्या एका वाड्यात मी अशी गोधडी बघितली, जिच्या एका कोपऱ्यात टाके एकदम लांबलांब झालेले आहेत. ‘तो माझा कोपरा,’ असं सत्तरीच्या आजी म्हणाल्या. गोधडी त्यांच्या आत्याची.

फ्लॅटमध्ये हे समोरचं माणूसच नाहीसं झालं. सून सकाळी 7.40ची फास्ट पकडते. शेजारचं दार बंद. टिळकनगरच्या काकूंनी तोड काढली ती अशी: सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून आठवड्यातली एक दुपार तळमजल्याचा हॉल मागितला. कारण दिलं, ‘ज्येष्ठ महिलांचा उपक्रम’. तसं म्हटल्यावर भाडं लागत नाही. हॉलमध्ये दोन सतरंज्या बाजूला सारल्या की तीन गोधड्या एका वेळी पसरतात. पहिल्यांदा पाच जणी आल्या. त्यांतल्या दोघींना सुईत दोरा ओवता येत नव्हता, डोळ्यांमुळे. त्यांना कोपरे धरायला बसवलं.

चिंध्या कुठून येतात

या पट्ट्यात कापडाची वाण कधीच नव्हती. सहाव्या शतकातला ग्रीक व्यापारी कॉस्मास कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाचं नाव घेतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनेही ठाण्याच्या सुती मालाची नोंद केली. गोधडीचा अर्थात या वैभवाशी संबंध नाही. चांगलं कापड जहाजात चढलं, फाटकं घरी राहिलं.

आजचा नकाशाही कापडाचाच आहे. ठाणे आणि कल्याणच्या मधे भिवंडी, यंत्रमागांचं गाव. कल्याणला चिकटून उल्हासनगर, गजानन मार्केटमधली कापडाची दुकानं आणि जीन्स शिवणारे कारखाने. कारखाना म्हटला की कात्रणं आली. ती गोण्यांत भरून किलोवर विकली जातात. यंत्रं पुसायला, गाद्यांत भरायला, पायपुसणी करायला. हॉलमधल्या एकीचा भाचा तिथे कामाला आहे. तो एकदा डेनिमच्या तुकड्यांची पिशवी घेऊन आला. काकूंनी तुकडा हातात घेतला आणि परत ठेवला. डेनिमचे दोन थर एकावर एक आले की हातातली सुई वाकते. त्या तुकड्यांची शेवटी मशिनवर आसनं झाली.

इथे मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं जीज बेंड आठवलं. नदीच्या वळणात अडकलेलं, गुलामांच्या वंशजांचं हे गाव. तिथल्या बायकांनी शेतावर घालून फाटलेल्या डेनिमच्या पँटींपासून गोधड्या शिवल्या. 1966 मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. 1972 मध्ये त्यांना सीअर्स या मोठ्या दुकानासाठी कॉर्डुरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचं काम मिळालं. काम कंटाळवाणं होतं, पण उरलेली कॉर्डुरॉयची कात्रणं घरोघरी गेली आणि त्यांच्या ज्या गोधड्या झाल्या त्या 2002 मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. उल्हासनगरच्या गोण्यांकडे बघताना हे मनात येतंच. फरक एवढाच की इथली कात्रणं ज्यांच्या हातून पडतात ते कारागीर बाराबारा तास मशिनवर असतात आणि घरी गेल्यावर कापडाकडे बघायची त्यांची इच्छा उरत नाही.

उल्हासनगरचं आणखी एक देणं आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी कुटुंबं आली, आणि त्या छावणीचंच पुढे हे शहर झालं. सिंधमध्ये रल्ली म्हणजे रंगीत तुकडे जोडून किंवा नक्षी कापून वर बसवून केलेली गोधडी, मुलीच्या लग्नात द्यायची. आपल्या गोधडीत रंग जो मिळेल तो. रल्लीत तो आधी ठरतो. मोहरीपिवळा, लाल, काळा, पांढरा. दोन्हीकडे थर जुन्या कापडांचे आणि टाका धावदोऱ्याचाच. एका सिंधी घरात मला रल्ली दाखवली गेली ती दिवाणावर, पारदर्शक प्लॅस्टिकखाली. तिला हात लावू का, असं विचारायचं धाडस झालं नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात, आणखी खाली कर्नाटकात कौदी. त्याच्याही पुढे, हल्याळ-यल्लापूर-मुंडगोडच्या जंगलपट्टीत आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत-लावत आत येतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तिकोनी चिंध्यांचं फूल बसवतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, असं त्या मानतात. टिळकनगरच्या हॉलमध्ये एकीने मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. पुढच्या आठवड्यात दोन गोधड्यांच्या कोपऱ्यांवर फुलं आली. कुणाची परंपरा, कुणाचा हक्क, असला प्रश्न कुणालाही पडला नाही. मला पडला होता, पण मी गप्प बसले.

बोहारीण आणि बाळाचं दुपटं

गोधडी आणि स्टीलचं भांडं यांची जुनी स्पर्धा आहे. दारात बोहारीण आली की जुन्या साडीपुढे दोन वाटा असत: माळ्यावरच्या गाठोड्यात जायचं किंवा पातेलं व्हायचं. पातेलं बहुतेक वेळा जिंकलं. ठाण्या-डोंबिवलीतल्या कित्येक फडताळांत आजही गोधड्यांऐवजी मिळालेली पातेली रचलेली आहेत. आता बोहारणीही शहाण्या झाल्यात. पँट-शर्ट द्या म्हणतात, विरलेली सुती साडी बघून नाक मुरडतात. तिचा पुन्हा बाजार होत नाही. म्हणजे पन्नास वर्षांनी गोधडीच्या कापडाला स्पर्धक उरला नाही, पण तोवर सुती साडीच दुर्मीळ झाली.

सगळं मागे पडलं तरी एक प्रकार मात्र कधी थांबला नाही. बाळाचं दुपटं. घरात बाळंतपण ठरलं की बाळंतविड्यात टोपडं, झबलं, कुंची यांबरोबर आजीच्या साडीचं दुपटं लागतंच, मग बाळ अंधेरीत जन्मणार असो की ऑस्टिनमध्ये. दुपटं लहान, दोन-तीन पदरांचं. त्याला जमीन लागत नाही, पलंगावर पसरता येतं, समोरचं माणूस नसलं तरी चालतं. म्हणूनच ते टिकलं, असा माझा कयास. श्रद्धा आहेच, वापरलेल्या कापडात बाळाला गुंडाळावं, नव्यात नको, असं मानणारी घरं पुष्कळ. पण श्रद्धा बाजूला ठेवली तरी तान्ह्या कातडीला धुऊन-धुऊन मऊ झालेल्या सुतासारखं दुसरं काही नाही, हे कुठलीही सुईण सांगेल. हॉलमध्ये येणाऱ्या बहुतेकींची सुरुवात दुपट्याने होते. दुपटं जमलं की पुढच्या वेळी त्या मोठी साडी घेऊन येतात.

कोपरे जुळले पाहिजेत?

दुसरीकडे क्विल्टिंग आलंय, आणि ते रीतसर क्लासमध्ये शिकवलं जातं. ठाण्यातल्या एका फ्लॅटच्या बेडरूममध्ये मी असा वर्ग बघितला. तिथे पलंग नाही, मोठं टेबल आहे. त्यावर हिरवी कटिंग मॅट, पिझ्झा कापायच्या चाकासारखं कटर, पारदर्शक पट्ट्या. नवं सुती कापड आधी धुऊन, इस्त्री करून, चौकोन कापायचे. पाव इंचाची शिवण, ना जास्त ना कमी. नऊ चौकोनांचा एक ब्लॉक, असे तीस ब्लॉक जोडून वरचा पदर, मधे वॅडिंगचा थर, खाली अस्तर. चार चौकोनांचे कोपरे जिथे भेटतात तिथे ते तंतोतंत भेटले पाहिजेत, नाही तर उसवा.

शिकवणाऱ्या ताई आयटीतली नोकरी सोडून यात आल्या आहेत. त्यांच्याकडे एक गोष्ट गोधडीवाल्यांना न सुचलेली आहे: ब्लॉक प्रवासात करता येतो. कागदाच्या षटकोनावर कापड दुमडून हाताने शिवायचे तुकडे पर्समध्ये मावतात. ठाणे ते सीएसएमटी जागा मिळाली तर जातायेता दोन-तीन षटकोन होतात. गोधडीला फरशी लागते, याला मांडी पुरते. लेडीज डब्यात मटार सोलून होतात, वाती वळून होतात, मग हे का नाही?

आवडीला अभ्यासाची जोड दिलेलीही माणसं आहेत. मुंबईच्या गीता खंडेलवाल स्वतः क्विल्ट करणाऱ्या. त्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गोधड्यांवर पुस्तक लिहिलं आणि ते काढलं फ्रान्समधल्या क्विल्टमानिया या प्रकाशनाने. आपल्या माळ्यावरचं बासन फ्रेंच छपाईत बघायला मिळावं, यात थोडी मजा आहे आणि थोडी शरमही.

मी त्या ताईंना टिळकनगरच्या हॉलमध्ये घेऊन गेले. दोन्हीकडच्यांनी एकमेकींचं काम उलटं करून बघितलं, पुढच्या बाजूकडे कुणी लक्षच दिलं नाही. काकू म्हणाल्या, ‘छान आहे गं, पण यात जुनं काय?’ ताई म्हणाल्या, ‘काकू, तुमच्या ओळी मोजून एका अंतरावर आहेत. आखल्या कशाने?’ आखल्या नव्हत्या. डाव्या हाताचा अंगठा टेकवत जायचं, तेच माप. ताईंनी तिथेच बसून अंगठा टेकवून एक ओळ घालून बघितली. ती हातभर सरळ गेली आणि मग घसरली. काकूंनी ती उसवू दिली नाही.

किती घेता?

पैशाचा विषय काढला की सगळ्याजणी हसतात. हाताने शिवलेली गोधडी दोन-तीन महिने खाते. तासाची मजुरी लावली तर जो आकडा येतो तो कुणी देणार नाही, आणि जो आकडा लोक देतात त्यात दोराही महाग पडतो. मशिनवर गोधडी शिवून देणारे आहेत. साड्या द्या, चार दिवसांत घेऊन जा. टिपा मजबूत असतात, धुण्याला टिकतात. मात्र मशिनची गोधडी अंगावर घेतल्यावर पत्र्यासारखी ताठ राहते, असं हातवाल्यांचं म्हणणं. मी दोन्ही पांघरून बघितल्या. हातवाल्यांचं खरं आहे. धावदोऱ्यात थर किंचित हलत राहतात, म्हणून ती अंगाबरोबर वळते.

हॉलमधल्या बायका विकत नाहीत, वाटतातही क्वचित. त्या कोपरा धरायला येणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, त्यांचं देणं हेच. गेल्या महिन्यात एक चोविशीची मुलगी आली. आजी वारली, तिच्या सात साड्या आहेत, त्यांची गोधडी करायची आहे. पिशवी उघडली तर सातही नायलॉनच्या. आजीने 1970 नंतर सुती नेसलीच नव्हती. इस्त्रीची कटकट नको म्हणून. काकूंनी साडी दोन बोटांत ताणली. आवाज काही आला नाही, पण थरावर थर ठेवला की तो घसरतो, टाका घट्ट बसत नाही आणि घाम शोषला जात नाही. ‘आठवण म्हणून ठेव, अंगावर घेऊ नको,’ असं त्यांचं मत पडलं. ठाण्याच्या ताईंचं मत वेगळं: मागून हलकं फ्यूजिंग लावायचं, इस्त्री अगदी कोमट, मग चौकोन कापायचे, आणि पोटात व अस्तराला सुती घालायचं. फ्यूजिंग लावल्यावर ती आजीची साडी राहते का, यावर अर्धा तास वाद झाला. मुलगी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

शेवटी असं ठरलं की एका साडीच्या पदराचा वीतभर तुकडा घेऊन दोन्ही प्रकारे करून बघायचं. पण हॉल नवरात्रात भोंडल्याला गेला, आता फराळाच्या स्टॉलना दिलाय, आणि नंतर तिसऱ्या मजल्यावरच्यांचं केळवण आहे. सेक्रेटरींनी तुळशीच्या लग्नानंतरचा बुधवार दिला आहे, दुपारी दोन ते पाच. मुलीला साड्या धुऊन, वाळवून आणायला सांगितलंय, आणि येताना आईलाही घेऊन ये, असं काकूंनी बजावलंय. कोपरे चार आहेत.